बीड जिल्ह्यातील भूस्तररचना आणि भूजल : खजाना बावडी ते विंधन विहीर

प्रस्तावना

बीड जिल्ह्याचा इतिहास सामान्यतः राजवटींच्या क्रमाने सांगितला जातो. यादव, बहमनी, निजामशाही, मोगल आणि आसफजाही या सत्तांच्या नोंदी विपुल आहेत. परंतु येथील लोकजीवन ज्या भूजलावर तगून राहिले, त्याचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला. जिल्ह्यातील खडकाचे स्वरूप आणि पाणी काढण्याची बदलती साधने यांचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भूस्तररचना

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. बालाघाटच्या डोंगररांगांसह बीड जिल्ह्याचा बहुतांश भाग या बेसाल्ट खडकाचा आहे. उत्तर सीमेवर गोदावरीच्या काठी गाळाचा पट्टा आढळतो. लाव्हाच्या प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र असतो, तर खालचा भाग घट्ट काळ्या पाषाणाचा असतो. या पाषाणात पाणी साठते ते केवळ भेगांत. त्यामुळे भूजलाचा मुख्य साठा पृष्ठभागालगतच्या मुरमात आणि झिजलेल्या, भेगाळलेल्या खडकात असतो.

हा साठाही मर्यादितच आहे. भूजल अंदाजाच्या राष्ट्रीय निकषांनुसार झिजलेल्या बेसाल्टमधून त्याच्या आकारमानाच्या केवळ 1 ते 3 टक्के पाणी उपसता येते. वाळूमय गाळात हेच प्रमाण 12 ते 20 टक्के असते. गंगेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला जमिनीखाली जे कोठार लाभले, ते बालाघाटावरील शेतकऱ्याला कधीच लाभले नाही.

खजाना बावडी : उताराने वाहणारे भूजल

या मर्यादेची जाण ठेवून उभारलेली वास्तू म्हणजे बीड शहराच्या दक्षिणेस असलेली खजाना बावडी होय. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, इ. स. 1582 च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली. तिचा स्थापत्यकार म्हणून राजा भास्कर याचे नाव सांगितले जाते. बावडीला तीन भुयारे आहेत. दोन भुयारांतून पाणी आत येते आणि तिसऱ्यातून ते बलगुजार परिसरातील शेतीकडे जाते. खडकातून आडवे भुयार काढून पाझरणारे पाणी गोळा करावयाचे आणि नैसर्गिक उताराने ते शेतापर्यंत न्यावयाचे, असे हे तंत्र आहे. पुढे मलिक अंबरच्या काळात औरंगाबादेस उभारलेली नहर याच परंपरेतील होय.

बावडी आटत नाही, अशी तिची ख्याती आहे. तिचे रहस्य चमत्कारात नसून रचनेत शोधावे लागते. उताराने वाहणाऱ्या भुयारातून पाझरेल तेवढेच पाणी मिळते. भूजलपातळी भुयाराच्या खाली गेली की प्रवाह आपोआप थांबतो आणि खालचा साठा शिल्लक राहतो. उपशावरील मर्यादा येथे हुकूमनाम्याने नव्हे, तर बांधकामानेच घातलेली होती. साध्या विहिरीवरील मोटेलाही अशीच मर्यादा होती; बैलजोडीच्या दमापलीकडे उपसा होऊ शकत नसे.

दुष्काळ आणि विंधन विहीर

1972 च्या दुष्काळात ही व्यवस्था कोलमडली. विहिरींनी तळ गाठला आणि रोजगार हमीच्या कामांवर हजारो हात पाझर तलाव व रस्ते खोदू लागले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1971 मध्येच स्थापन झाली होती. कठीण पाषाण वेगाने भेदणारी यंत्रे याच काळात गावोगाव पोहोचली. शेजारच्या जालना येथे विकसित झालेला हातपंप पुढे देशभर गेलेल्या ‘इंडिया मार्क दोन’ पंपाच्या पूर्वसुरींपैकी एक होय. पिण्याच्या पाण्यासाठी विंधन विहीर हे वरदान ठरले, यात शंका नाही. मैलोन्‌मैल हंडे वाहणाऱ्या स्त्रियांचे श्रम तिने कमी केले.

तथापि हेच साधन विद्युत्‌पंपासह शेतीत आले, तेव्हा उपशावरील जुनी मर्यादा नाहीशी झाली. खोल भेगांतील पाण्याचे पुनर्भरण मंद असते, याचा विचार मागे पडला. खोली वाढली, परंतु पाऊस वाढला नाही. ज्याला अधिक खोल जाणे परवडते त्याला पाणी आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी, असा नवा सामाजिक भेद त्यातून निर्माण झाला.

कायद्याची मर्यादा

या भेदावर उपाय म्हणून 1993 च्या कायद्याने सार्वजनिक पेयजलस्रोतापासून 500 मीटरच्या आत विनापरवाना विहीर घेण्यास प्रतिबंध केला. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने 60 मीटर वा त्याहून खोल विहिरींवर अधिसूचित क्षेत्रात निर्बंध घातले. बावडीने दगडात घातलेली मर्यादा आता कागदावर घालावी लागली. मात्र खडकातील भुयार स्वतःच थांबत असे. कायद्याला थांबविणारा माणूस लागतो.

निष्कर्ष

बीड जिल्ह्यातील पाणीटंचाईचे कारण केवळ अवर्षणात शोधणे अपुरे ठरते. साठवण कमी असलेल्या खडकातून अमर्याद उपसा करता येईल, ही धारणाही त्यास तितकीच कारणीभूत आहे. खजाना बावडीचे जतन पुरातन वास्तू म्हणून तर व्हावेच. परंतु खडकाच्या कुवतीनुसार पाणी घेण्याचा तिच्यातील विचार ग्रामपातळीवरील पाणी नियोजनात उतरला, तरच त्या जतनास अर्थ प्राप्त होईल.