विदर्भ क्रिकेट असोसिएशन मैदान, जामठा

विदर्भ क्रिकेट असोसिएशन मैदान हे नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा मार्गावरील जामठा येथे असलेले आंतरराष्ट्रीय क्रिकेट मैदान आहे. सुमारे ४५,००० प्रेक्षकांची सोय असलेल्या या मैदानाने २००८ मध्ये सिव्हिल लाइन्समधील जुन्या मैदानाची जागा घेतली. संथ व फिरकीला साथ देणारी खेळपट्टी अशी त्याची ओळख सांगितली जाते. मात्र येथील धावफलक पाहता ती अपुरी ठरते.

पार्श्वभूमी

जुन्या मैदानावर २००४ साली ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीसाठी खेळपट्टीवर गवत राखण्यात आले. भारत ३४२ धावांनी पराभूत झाला आणि ऑस्ट्रेलियाने १९६९-७० नंतर प्रथमच भारतात मालिका जिंकली. खेळपट्टी यजमान संघाच्या सोयीची असावी काय, हा वाद त्यानंतर नागपूरला चिकटला व मैदान बदलले तरी सुटला नाही.

खेळपट्टी

येथील खेळपट्टी काळ्या मातीची आहे. ही माती ओलावा धरून ठेवते आणि वाळताना आक्रसून भेगाळते. पुरेसे पाणी देऊन रोलरने नीट दाबल्यास चेंडू अनेक दिवस संथ व कमी उसळीने येतो. लवकर कोरडी पडू दिल्यास पृष्ठभाग पहिल्याच दिवशी सुटू लागतो. त्यामुळे सामन्याचे स्वरूप मातीइतकेच पाणी, गवत आणि रोलर यांवर ठरते.

डिसेंबर २०१२ मधील इंग्लंडविरुद्धची कसोटी पहिल्या प्रकारची होती. पहिल्या दिवशी इंग्लंडला ५ बाद १९९ एवढ्याच धावा करता आल्या. सामना अनिर्णित राहिला आणि इंग्लंडने २८ वर्षांनी भारतात मालिका जिंकली. नोव्हेंबर २०१५ मध्ये याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेचा पहिला डाव ७९ धावांत आटोपला. सामना तीन दिवसांत संपला. कोणालाही अर्धशतक करता आले नाही, मुरली विजयच्या ४० धावा सर्वाधिक ठरल्या. रविचंद्रन अश्विनने १२ बळी घेतले. सामनाधिकारी जेफ क्रो यांनी खेळपट्टीला ‘निकृष्ट’ शेरा दिला व आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने ताकीद दिली. पुढच्याच मार्चमध्ये टी-२० विश्वचषकात भारताचा डाव येथे ७९ धावांतच संपला, तोही न्यूझीलंडच्या फिरकीपुढे.

केवळ फिरकीच येथे चालते असे नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये डेल स्टेनने जुन्या चेंडूच्या उलट्या स्विंगवर ५१ धावांत ७ बळी घेतले. त्याच सामन्यात हाशिम अमलाने नाबाद २५३ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांत तर २०१३ साली भारताने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३५१ धावांचे लक्ष्य गाठले.

पाहुण्या फिरकीपटूंना हे मैदान पदार्पणात विशेष लाभले आहे. २००८ मधील येथील पहिल्या कसोटीत, म्हणजे सौरव गांगुलीच्या अखेरच्या कसोटीत, जेसन क्रेझाने २१५ धावांत ८, तर २०२३ मध्ये टॉड मर्फीने १२४ धावांत ७ बळी घेतले. दोघेही ऑस्ट्रेलियाचे ऑफ-स्पिनर आणि दोन्ही सामन्यांत पराभूत संघाकडून खेळलेले.

देशांतर्गत क्रिकेट

मैदान विदर्भ संघाचे घर आहे. संघाने २०१८-१९ चा रणजी करंडक येथेच सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून राखला. डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेने त्या अंतिम सामन्यात ११ बळी मिळवले. २०२४-२५ चा केरळविरुद्धचा अंतिम सामना मात्र पाच दिवस चालूनही अनिर्णित राहिला आणि विदर्भाने पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा विजेतेपद पटकावले.