थांबलो तर काय होईल?

पोस्ट लांब आहे आणि विषय चारचौघांत काढायचा नाही असा. तरी वाचा. घरात साठीच्या पुढचा पुरुष असेल, तर हा विषय आज ना उद्या तुमच्या उंबऱ्यात येऊ शकतो.

आमचे अण्णा सत्तरीत रात्री चार-चार वेळा लघवीला उठायचे. एसटीने कुठे जायचं असलं तर सकाळपासून पाणी पीत नसत. मग त्यांनी भजनाला जाणं सोडलं. का, तर मधेच उठावं लागतं. हे कारण आम्हाला दोन वर्षांनी कळलं, तेही आईकडून. तपासलं तर प्रोस्टेट वाढलेलं. एक डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करा, उशीर महागात पडेल. दुसरे म्हणाले, घाई नाही, गोळ्या घ्या. चुलत भावाने 'शंभर टक्के गुण' देणारी कसलीशी पावडर आणली. तिघंही सारख्याच खात्रीने बोलत होते. मी एकच विचारलं, "काहीच केलं नाही, थांबलो, तर काय होईल?" धड उत्तर कुणाकडेच नव्हतं.

नंतर या विषयावर वाचत गेलो तेव्हा कळलं, हा साधा प्रश्न नीट विचारायला वैद्यकशास्त्राला शंभर वर्षं लागली.

१८९३ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाचे सर्जन जे. विल्यम व्हाइट यांनी उपाय सुचवला की वृषण काढून टाका, प्रोस्टेट आपोआप आक्रसेल. आपल्याकडे खोंड बडवून बैल करतात, त्यातलाच प्रकार. त्यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले होते. १८९५ मध्ये त्यांनी १११ रुग्णांच्या नोंदी एकत्र करून छापल्या. बहुतेकांची ग्रंथी लहान झाली, असा दावा होता. त्याच नोंदींत शंभरामागे १८ जण दगावलेही होते. व्हाइट म्हणाले, त्यातले बरेचसे मुळातच खंगलेले होते. असतीलही! पण तितक्याच खंगलेल्या, ऑपरेशन न झालेल्या माणसांचं काय झालं, हे कुणी मोजलंच नव्हतं. तुलनेला दुसरी बाजूच नाही.

तो उपाय लवकरच मागे पडला, कारण त्याहून चांगला आला. पीटर फ्रेयर हे आयरिश सर्जन. वीस वर्षं हिंदुस्थानात, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये काढलेली. मूत्राशयातल्या खड्यांवर त्यांचा हात इथेच बसला. लंडनला परतल्यावर १९०० साली त्यांनी ओटीपोटातून मूत्राशय उघडून वाढलेली गाठ बोटाने सोलून काढली, सालीतून संत्रं काढावं तशी. न्यूयॉर्कचे यूजीन फुलर यांनी हे आधीच केलं होतं, त्यावरून श्रेयाचा मोठा वाद झाला. पण ऑपरेशन रुळलं ते फ्रेयर यांच्यामुळे. ज्या म्हाताऱ्यांचा जन्म नळीवर चालला होता, ते मोकळे झाले. अशा रुग्णात गुण येतो की नाही, हे कुणालाही दिसतं.

अडचण पुढे झाली. १९३० च्या दशकात मूत्रमार्गातूनच आत जाऊन गाठ खरवडण्याचं यंत्र आलं. आपण ज्याला 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हणतो, ते हेच. पोटावर टाका नाही. मग लघवी पूर्ण अडलेल्यांबरोबर नुसती धार बारीक झालेल्यांनाही ते सुचवलं जाऊ लागलं. यांना खरंच गरज आहे का, हे काही नुसतं बघून कळत नाही.

हे उघडं पाडलं जॉन वेनबर्ग यांनी. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या वेगवेगळ्या भागांतले ऑपरेशनचे आकडे त्यांनी शेजारी शेजारी मांडले. एका भागात म्हातारपणापर्यंत निम्म्याहून जास्त पुरुषांचं ऑपरेशन होण्याची शक्यता, तर दुसरीकडे त्याच्या कितीतरी कमी. माणसं तीच, आजार तोच! मग फरक कशाचा? तर तिथल्या डॉक्टरांच्या मताचा. काहींना वाटे, आताच करून टाकलं तर आयुष्य वाढतं. वेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तपासलं, तर लघवी न तुंबलेल्यांमध्ये लवकर ऑपरेशन केल्याने आयुष्य वाढत असल्याचं दिसेना. म्हणजे खरा फायदा त्रास कमी होण्याचा. आणि त्रास किती, हे कोण सांगणार? ज्याला होतोय तोच ना?

म्हणून १९९२ मध्ये मायकेल बॅरी आणि सहकाऱ्यांनी सात प्रश्नांची यादी तयार केली. रात्री किती वेळा उठता, धार बारीक आहे का, जोर लावावा लागतो का, असे साधे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण पस्तीस. पुढे आठवा प्रश्न जोडला गेला: उरलेलं आयुष्य असंच काढायचं झालं तर तुम्हाला कसं वाटेल? आज जगभर हीच यादी वापरतात.

आणि मग माझा प्रश्न विचारला गेला. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी दवाखाने आहेत. तिथे मध्यम त्रास असलेल्या ५५६ पुरुषांचे, जणू चिठ्ठ्या टाकून, दोन गट केले. एका गटाचं ऑपरेशन, दुसऱ्याला थांबवून नुसतं लक्ष ठेवायचं. १९९५ मध्ये निकाल आला. ऑपरेशन गटातल्या २८० पैकी २३ जणांत उपचार फसला, थांबलेल्या २७६ पैकी ४७ जणांत. म्हणजे ऑपरेशन सरस. पण दुसरी बाजूही बघा. तीन वर्षांत थांबलेल्यांपैकी २४ टक्क्यांनाच ऑपरेशन करून घ्यावं लागलं. ज्यांना त्रास फार खुपत होता, त्यांना ऑपरेशनचा फायदाही सगळ्यात जास्त झाला. दोन्ही डॉक्टर अर्धे अर्धे बरोबर होते तर!

गोळ्यांचीही अशीच गंमत. व्हाइट यांचं म्हणणंही अर्धं खरं होतं, प्रोस्टेट पुरुषी हार्मोनवरच पोसतं. १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास छापून आला. जन्मतः एका एन्झाइमची उणीव असलेल्या तिथल्या पुरुषांचं प्रोस्टेट मोठेपणीही लहानच राहायचं. तेच एन्झाइम रोखणारी फिनास्टेराइड ही गोळी १९९२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. १९९६ मध्ये त्याच सरकारी दवाखान्यांतल्या १,२२९ जणांवरच्या अभ्यासात ती वर्षभरात खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलीच नाही. मग ती निकामी म्हणायची? नाही. २००३ मध्ये ३,०४७ पुरुषांना सरासरी साडेचार वर्षं तपासल्यावर दिसलं की फिनास्टेराइड आणि लघवीची वाट सैल करणारी डॉक्साझोसिन या दोन्ही गोळ्या मिळून आजार बळावण्याचा धोका ६६ टक्क्यांनी घटवतात. ही गोळी सावकाश काम करते, आणि गाठ मोठी असेल तर जास्त. वर्षात दिसलं नाही ते चार वर्षांत दिसलं.

आता भावाच्या पावडरीकडे येऊ. ती तपासलेली माझ्या वाचनात नाही. पण अमेरिकेत अशीच लोकप्रिय असलेली सॉ पामेटो ही वनस्पती तपासली गेलीय, तीही सरकारी पैशाने. २००६ मध्ये २२५ जणांवर, २०११ मध्ये ३६९ जणांवर, तेव्हा तर डोस तिप्पट करून. दोन्ही वेळा उपयोग शून्य. दुसऱ्या अभ्यासात खोटी गोळी घेणारेच किंचित जास्त सुधारले! म्हणून 'आमच्या काकांना गुण आला' हा पुरावा होत नाही. गुण खोट्या गोळीनेही येतो.

मंडळी, मला यात राजकारण दिसतं ते इथे. 'थांबलं तर चालेल' या उत्तरातून कुणाची गोळी खपत नाही, कुणाचं ऑपरेशन थिएटर भरत नाही. असे प्रश्न बाजार स्वतःहून विचारत नाही. ते लोकांच्या पैशानेच विचारावे लागतात. आरोग्याच्या बजेटवर बोलताना आपण खाटा मोजतो, मशिनं मोजतो. अशा अभ्यासांवर किती खर्च केला, हेही विचारायला हवं.

घरापुरतं म्हणाल तर लघवी तुंबली, रक्त आलं, ताप भरला तर थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा. एरवी वडिलांना तो आठवा प्रश्न विचारा.

आम्ही अण्णांना तो उशिरा विचारला. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाकी सगळं सोसेन रे, पण भजन सुटलं ते नाही सोसत." निर्णय तिथेच झाला. ऑपरेशन केलं. पुढच्या एकादशीला अण्णा टाळ घेऊन पहिल्या रांगेत होते.