विजेचा उपयोग काय?

कमरेला चार पॅड चिकटवून पेशंट पालथा झोपलेला असतो. "मुंग्या आल्या की सांगा हं," म्हणत थेरपिस्ट बटण हळूहळू फिरवते. आपल्याकडच्या आजी-आजोबांच्या भाषेत हे 'करंट लावून घेणं'. या करंटचे एक मूळपुरुष जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये वारले, ६ ऑक्टोबर १७५९ रोजी, अवघ्या ४४व्या वर्षी. त्यांचं नाव योहान गोटलोब क्र्यूगर.

क्र्यूगर तरुणपणी हाले विद्यापीठात शिकवत. तेव्हा वीज म्हणजे निव्वळ करमणूक होती. काचेचा गोळा गरगर फिरवून हाताने घासायचा, राळेच्या थरावर उभ्या केलेल्या माणसात ती वीज सोडायची आणि त्याच्या अंगातून ठिणग्या काढायच्या. जमलेली मंडळी खूश. क्र्यूगरना मात्र प्रश्न पडला, याचा उपयोग काय? १७४४ साली छापलेल्या त्यांच्या छोट्या पुस्तिकेतला तर्क मजेशीर आहे. प्रत्येक गोष्टीचा काहीतरी उपयोग असणारच. धर्मशास्त्रात विजेला काम नाही, कायद्यात नाही. मग उरलं वैद्यक! विज्ञानाच्या इतिहासात इतक्या निवांत वजाबाकीतून निघालेली उपचारपद्धती विरळाच. लुळ्या पडलेल्या अवयवांना तिचा सर्वाधिक गुण येईल, हाही त्यांचाच अंदाज.

तो पडताळून पाहिला त्यांच्या विशीतल्या शिष्याने, ख्रिस्तियान गोटलीब क्रात्सेनश्टाइनने. एका बाईची आखडलेली करंगळी पाव तासात मोकळी झाली, दोन बोटं निकामी झालेला दुसरा पेशंट पुन्हा वाद्य वाजवू लागला, असं त्याने लिहून ठेवलं. पुढे जिनिव्हात जालाबेर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने हातोडीच्या घावाने हात लुळा पडलेल्या एका कुलूपवाल्याच्या स्नायूंतून ठिणग्या काढल्या. प्रत्येक ठिणगीला स्नायू आपोआप उडत होते. आजच्या स्नायू-उत्तेजक यंत्राचं बीज इथे दिसतं. बेंजामिन फ्रँकलिनचा अनुभव मात्र रुक्ष: त्याच्या अर्धांगाच्या पेशंटांना चार दिवस बरं वाटे आणि मग सगळं पूर्वपदावर.

१७५१ मध्ये क्र्यूगर ब्राउनश्वाइगच्या ड्यूकांच्या राज्यातल्या हेल्मश्टेट विद्यापीठात आले. त्यांच्या हयातीत एक अडचण सुटली नाही, ती मात्रेची. औषध गुंजभर की तोळाभर हे वैद्याला कळतं. वीज किती दिली, हे कशावर मोजणार? ठिणगीची लांबी आणि पेशंटची किंकाळी, एवढीच मापं.

आता त्याच ब्राउनश्वाइगमध्ये जर्मनीची राष्ट्रीय मापनसंस्था आहे, फिजिकालिश-टेक्निशे बुंडेसआनश्टाल्ट. २० मे २०१९ पासून विद्युतप्रवाहाच्या एककाची, म्हणजे अँपिअरची व्याख्या इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारावर बेतलेली आहे, आणि इथल्या प्रयोगशाळेत एकेक इलेक्ट्रॉन मोजून पुढे ढकलणारे 'पंप' बनवले जातात.

पण करंट लावल्यावर वेदना का कमी होते, याची पटण्यासारखी मांडणी यायला १९६५ उजाडलं. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी म्हटलं, मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. स्पर्शाचे संदेश दाटीने आले की दुखण्याचे संदेश तिथेच अडतात. ठेच लागल्यावर आपण अंगठा चोळतो, तसंच काहीसं. 'टेन्स' नावाचं खिशात मावणारं यंत्र याच विचारातून रुळलं.

त्यावर मिलिअँपिअरचे आकडे असतात. पण कातडी, चरबी, मज्जातंतूची खोली प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे बटण कुठे थांबवायचं हे ठरतं पालथ्या पडलेल्या माणसाच्या आवाजावर: "हां, आल्या मुंग्या. बस, एवढाच ठेवा."