कुपारी : एका शब्दात साठलेला वसईचा इतिहास

१/९
वसईचे सामवेदी ख्रिस्ती स्वतःस ‘कुपारी’ म्हणवितात. हा शब्द पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’वरून आला, असे मानले जाते. कोंपाद्रे म्हणजे सहपिता. बाळाचा जन्मदाता आणि स्नानसंस्काराच्या वेळी त्याची जबाबदारी घेणारा धर्मपिता एकमेकांस याच नावाने संबोधीत. चर्चमधल्या एका विधीने जोडलेले नाते पुढे साऱ्या समाजाचे नाव झाले.

२/९
१५३४च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. मिशनऱ्यांनी गावोगाव चर्च उभारली. नंदाखालचे चर्च १५७३चे. याच अमलात मंदिरेही पाडली गेली. हे दोन्ही एकाच इतिहासाचे भाग आहेत.

३/९
चर्चभोवतीच्या वस्तीचा मिळून ‘धर्मग्राम’ होई. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३मध्ये स्नानसंस्कार व विवाह यांच्या नोंदी ठेवणे धर्मगुरूंस बंधनकारक केले. बाळाच्या नावाशेजारी धर्मपित्याचे नावही लिहिले जाऊ लागले. सामान्य शेतकऱ्याचे नाव कागदावर येण्याचे हे एक दुर्मीळ ठिकाण होते.

४/९
आडनावेही याच विधीतून आली. धर्मांतरिताला बहुधा पोर्तुगीज धर्मपित्याचे वा पाद्र्याचे आडनाव मिळे. परेरा, लोपीस, डिमेलो ही नावे अशीच रुळली. ‘द आब्रेउ’चे तर मराठमोळे ‘डाबरे’ झाले. त्यामुळे आडनाव पोर्तुगीज असले, तरी रक्त पोर्तुगीज असतेच असे नाही.

५/९
मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला जिंकला. चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच एक. तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल असून मेरी व बाळ येशू यांची आकृती आहे.

६/९
खरा प्रश्न त्यानंतरचा होता. राजसत्ता गेली, युरोपीय पाद्री निघून गेले; मग श्रद्धा टिकणार कशी? शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला धर्मपालनाची मुभा होती. धर्मग्रामांचा भार मुख्यतः एतद्देशीय धर्मगुरूंनी वाहिला. उरलेले काम घरांनी केले.

७/९
घरांनी काय जपले? प्रार्थना जपली, आणि तिच्यासोबत पूर्वजांची बोलीही. कुपारी समाजाची सामवेदी ऊर्फ कादोडी बोली वसईचे सामवेदी ब्राह्मणही बोलतात. धर्म निराळे झाले, तरी माजघरातली भाषा एकच राहिली. स्त्रियांचे लाल लुगडेही त्याच मातीची खूण.

८/९
मुंबई-साष्टीच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांतही हेच दिसते. ऑक्टोबरच्या प्रारंभी येणाऱ्या ‘आगेरा’ सणाला भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित केल्या जातात. लग्नघरी ‘उंबराचे पाणी’ आणले जाते. शेतीचे जुने संस्कार कुटुंबांनी चर्चच्या पंचांगात सामावून घेतले.

९/९
नंदाखालच्याच मातीत १९४२ साली जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले आणि २०२०मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. विजेत्यांनी घंटा नेल्या, काळाने किल्ल्यातली चर्च ओस पाडली. ‘कुपारी’ हा शब्द मात्र घरोघरी बोलला जात राहिला. वसईच्या ख्रिस्ती इतिहासाचे सर्वांत टिकाऊ साधन दगड वा धातू नव्हे, नाते ठरले.