तीन देशांचे झेंडे आणि राखेचं बेट

जुलै १८३१. सिसिली आणि ट्युनिशियाच्या मधल्या समुद्रात पाणी उकळायला लागलं, मेलेले मासे तरंगू लागले आणि काही दिवसांत तिथे चक्क नवं बेट उभं राहिलं. उंची साधारण ६० मीटर. माणूस नाही, झाड नाही, प्यायला पाणी नाही. पण जागा मोक्याची ना! मग काय, भांडण सुरू.

२ ऑगस्टला इंग्रज कॅप्टन सेनहाउसने तिथे झेंडा रोवला आणि बेटाला आपल्या नौदल मंत्र्याचं, ग्रॅहमचं नाव दिलं. नेपल्स-सिसिलीच्या दुसऱ्या फर्डिनांड राजाने ‘बेट आमचं’ म्हणत नाव ठेवलं फर्दिनांदेआ. सप्टेंबरात फ्रेंच भूवैज्ञानिक प्रेव्हो पोचला. जुलैत जन्मलं म्हणून त्याने नाव दिलं जुलिया.

वाद रंगात असतानाच बेट झिजत होतं. वर्ष सरता सरता ते पाण्याखाली गेलं!

असं का झालं? खोल समुद्रात पाण्याचा दाब इतका असतो की वाफेचा मोठा स्फोट होत नाही. उथळ पाण्यात तो दाब कमी पडतो. तप्त शिलारस पाण्याला भिडला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि त्या स्फोटाने शिलारसाचा भुगा उडतो. हा भुगा, म्हणजे राख आणि बारीक खडे, साचून बेट वर येतं. पण ते असतं भुसभुशीत. लाटांपुढे किती टिकणार?

टिकायचं तर ज्वालामुखीच्या तोंडात पाणी शिरणं थांबावं लागतं. मग स्फोट न होता लाव्हा वाहतो आणि राखेवर दगडी कवच चढतं. आइसलँडजवळ नोव्हेंबर १९६३ मध्ये वर आलेल्या सर्टसीचं हेच झालं. एप्रिल १९६४ पासून तिथे लाव्हा वाहिला. ते बेट बरंच झिजलंय, पण आजही उभं आहे. जपानच्या निशिनोशिमाजवळ २०१३ मध्ये उगवलेलं बेटही लाव्हामुळे टिकलं, वाढत जाऊन जुन्या बेटाला जोडलं गेलं आणि जपानची सागरी हद्द थोडी वाढली.

आजचा आंतरराष्ट्रीय सागरी कायदाही हेच विचारतो: नैसर्गिकरीत्या तयार झालेली ही जमीन भरतीच्या वेळी पाण्याच्या वर राहते का? राहत असेल तरच ते बेट. झेंडा आधी कुणी रोवला, हा प्रश्न त्यानंतरचा.

फर्दिनांदेआचा माथा अजून पाण्याखाली काही मीटरवर आहे. या शतकाच्या सुरुवातीला, ते पुन्हा वर येईल या शंकेने, सिसिलीकरांनी तिथे पाण्याखाली हक्क सांगणारी संगमरवरी पाटी बसवली. पुढे ती तुटलेली सापडली. बेट मात्र अजून आलेलं नाही.