घडीला हातभार

पेशीत प्रथिन तयार होतं ते लांबलचक साखळीच्या रूपात. अमिनो आम्लांची ही साखळी ठरावीक आकारात दुमडली, तरच ती कामाची. ही घडी घालतं कोण? क्रिश्चन अ‍ॅनफिन्सन यांचं उत्तर होतं, कोणीच नाही. अमेरिकेत बेथेस्डा इथे त्यांनी रायबोन्यूक्लिएज हे 124 अमिनो आम्लांचं प्रथिन घेतलं, युरिया घालून आणि गंधकाचे चार दुवे तोडून त्याची घडी पुरती मोडली. मग युरिया काढून हवेतला ऑक्सिजन मिळू दिला आणि प्रथिन पुन्हा पहिल्यासारखं काम करू लागलं. गंधकाच्या आठ टोकांच्या चार जोड्या 105 प्रकारे लागू शकतात. लागल्या त्या नेमक्या बरोबर. म्हणजे घडीचा आराखडा साखळीतच असतो. या कामासाठी 1972 साली त्यांना नोबेल मिळालं.

आराखड्याची गोष्ट खरीच आहे. पण तिच्यामुळे पेशीतही प्रथिनं आपली आपण घडतात, हा समज बरीच वर्षं पक्का राहिला. खुद्द अ‍ॅनफिन्सन यांना मात्र एक गोष्ट खटकत होती. परीक्षानळीत घडी पडायला तास लागत आणि पेशीला एवढी सवड नसते. म्हणून त्यांनी शोध घेतला आणि 1963 मध्ये उंदराच्या यकृतातून एक विकर मिळवलं. चुकीचे पडलेले गंधकाचे दुवे सोडवून नव्याने जुळवायला ते मदत करतं. मदतनीसांच्या कुळातला हा आद्य पुरुष ‘मदतीची गरज नाही’ असं दाखवणाऱ्यालाच सापडला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बाकीचे मदतनीस भलत्याच वाटांनी आले. इटलीत फेरुचिओ रितोसा फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथी पाहत होते. कोणीतरी इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं आणि गुणसूत्रांवर एरवी न दिसणाऱ्या जागी फुगवटे आले, म्हणजे तिथली जनुकं अचानक जागी झाली. एका नामांकित नियतकालिकाने लेख परत पाठवला. तो 1962 मध्ये दुसरीकडे छापून आला. त्या जनुकांपासून कोणती प्रथिनं बनतात हे 1974 मध्ये आल्फ्रेड तिसिएर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. ती करतात काय, हे तेव्हाही कळलं नव्हतं.

त्याच दशकात जिवाणूंवर वाढणारे विषाणू अभ्यासणाऱ्या कोस्टा जॉर्जोपूलोस यांना असे जिवाणू मिळाले, की ज्यांच्यात विषाणूचं डोकं जुळेचना. त्याची प्रथिनं नुसती गोळा होऊन बसत. दोष विषाणूत नव्हता, जिवाणूच्या एका जनुकात होता. त्या जनुकाला ‘ग्रो-ई’ म्हणू लागले. इंग्लंडमध्ये जॉन एलिस वाटाण्याच्या हरितलवकात रुबिस्को हे विकर कसं जुळतं ते पाहत होते. त्याचा मोठा घटक तयार झाल्यावर आधी एका अनोळखी प्रथिनाला चिकटतो, असं 1980 मध्ये त्यांच्या लक्षात आलं. माशी, जिवाणू, वाटाणा. एकाच्या दारात दुसरा डोकावण्याचं काही कारणच नव्हतं.

ह्यू पेलहॅम यांनी 1986 मध्ये धागा पकडला. उष्णतेने प्रथिनाची घडी सैल होते आणि आत दडलेले तेलकट भाग उघडे पडतात. ते एकमेकांना चिकटले की गोळा होतो. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक हा असाच गोळा. उष्णतेच्या धक्क्याने वाढणारी प्रथिनं हे उघडे भाग धरून ठेवत असावीत, असा त्यांचा तर्क होता. नव्या, अर्धवट दुमडलेल्या साखळीचेही हे भाग उघडेच असतात आणि जिवाणूच्या पेशीत दर लिटरला 300 ग्रॅमांहून अधिक मोठे रेणू दाटीवाटीने असतात. चिकटण्याचा धोका रोजचाच. परीक्षानळीतल्या विरळ द्रावणात तो जाणवला नव्हता.

1988 मध्ये वनस्पतींतल्या त्या प्रथिनाचा आणि जिवाणूत ग्रो-ईपासून बनणाऱ्या ग्रो-ई-एल या प्रथिनाचा अनुक्रम शेजारी ठेवला, तर दोघं सख्खे नातलग निघाले. पुढच्या वर्षी आर्थर हॉर्विच आणि फ्रान्झ-उलरिच हार्टल यांनी असा यीस्ट दाखवला, की ज्याच्या तंतुकणिकांत प्रथिनं पोचत पण दुमडत नसत. बिघडला होता याच घराण्यातला सदस्य. ग्रो-ई-एलची रचना 1994 मध्ये स्पष्ट झाली. सात-सात घटकांची दोन कडी एकमेकांवर बसलेली, मध्ये पोकळी. साखळी आत गेली की वर झाकण बसतं आणि एटीपी खर्ची पडतं. सुमारे दहा सेकंद ती तिथे एकटी असते. चिकटायला कोणी नाही, म्हणून आराखड्यानुसार दुमडायला मोकळी. अ‍ॅनफिन्सन यांच्या परीक्षानळीतला एकांत पेशीने असा मिळवला आहे.

तरीही घडी बिघडते, आणि मग तपासणीची पाळी. आंतर्द्रव्यजालिकेत प्रथिनांवर शर्करेची शेंडी असते. अर्जेंटिनातले आर्मांदो पारोदी यांनी शोधलेलं एक विकर घडी चुकली असेल तर त्या शेंडीवर ग्लुकोज पुन्हा बसवतं. अशी खूण असलेलं प्रथिन पुन्हा मदतनीसाकडे जातं. वारंवार नापास झालेल्याला युबिक्विटिनचा शिक्का बसून त्याचे तुकडे होतात. शिक्क्याच्या या शोधासाठी हर्शको, चिखानोव्हर आणि रोझ यांना 2004 चं नोबेल मिळालं.

ही तपासणी कधी कधी गरजेपेक्षा कडक असते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या बहुतेक रुग्णांच्या एका प्रथिनात 508 व्या जागेवरचं अमिनो आम्ल नसतं. ते प्रथिन थोडंफार काम करू शकलं असतं, पण पेशीच्या पटलापर्यंत जाण्याआधीच पकडून तोडलं जातं. पेशी थंडाव्यात वाढवल्या तर त्यातलं काही पटलावर पोचतं आणि क्लोराइडला वाटही देतं, हे 1992 मध्ये दिसलं. म्हणजे औषधाला जागा होती. अमेरिकेत 2019 मध्ये मान्यता मिळालेल्या उपचारात तीन रेणू आहेत. दोन त्या सदोष प्रथिनाची घडी सावरतात, तिसरा पटलावर पोचलेल्या प्रथिनाचं दार अधिक वेळ उघडं ठेवतो. जनुकातली चूक तशीच राहते.