रॉकचं वजन आणि हेडफोनचा खर्ज

1958 साली अमेरिकेत एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन गोष्टी घडल्या. लिंक रे या गिटारवादकाची ‘रम्बल’ ही शब्दांविना वाजणारी धून बाजारात आली. तिच्यातला फाटका, गुरगुरता आवाज साधण्यासाठी रेने आपल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली होती. त्याच वर्षी मिलवॉकी शहरात जॉन कॉस यांनी एका प्रदर्शनात सहज उचलून नेता येईल असा फोनोग्राफ मांडला, आणि स्टिरिओचा परिणाम दाखवता यावा म्हणून जुळवाजुळव करून केलेला एक हेडफोन सोबत ठेवला. लोकांची गर्दी झाली ती हेडफोनभोवती. तोवर हेडफोन हे कामाचं अवजार होतं. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरच्या डोक्यावर ते असायचं. यूटा राज्यातल्या नॅथनिएल बाल्डविन यांनी 1910 च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात तयार केलेले संच अमेरिकी नौदलाने बिनतारी संदेश ऐकण्यासाठी घेतले होते. बर्लिनच्या बायर कंपनीचा 1937 सालचा डीटी 48 हा आजच्या हेडफोनांचा थेट पूर्वज, पण तोही प्रामुख्याने व्यावसायिकांच्या कामी आला. घरबसल्या निव्वळ आनंदासाठी कानांवर काही चढवायचं, ही सवय सामान्य श्रोत्याला लावली ती कॉस यांनी. म्हणजे मुद्दाम फाडलेला गिटारचा आवाज आणि हौसेखातर वापरायचा हेडफोन हे दोन्ही एकाच वयाचे. या दोघांचा पुढचा प्रवास शेजारी शेजारी ठेवून पाहिला, की आज दुकानात सर्रास मिळणारा एक सल्ला डळमळीत वाटू लागतो. हेवी मेटल ऐकायचं असेल तर दणदणीत बेसचा हेडफोन घ्या, हा तो सल्ला. रॉकचं वजन खर्जात असतं, हे त्यात गृहीत धरलेलं आहे, आणि इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देत नाही.

आधी गिटारकडेच पाहू. नेहमीच्या जुळणीत सहा तारी गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 82 वेळा कंप पावते, बेस गिटारची 41 वेळा. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज श्रोत्यापर्यंत पोचतो तो मात्र तारेतून नव्हे, एका लाकडी पेटीतल्या बारा इंची कागदी शंकूंमधून. चुंबकावर हिरवं झाकण असलेला सेलेशन कंपनीचा ‘ग्रीनबॅक’ हा रॉकच्या इतिहासातला बहुधा सर्वांत परिचित स्पीकर. त्याचा पल्ला कंपनी 75 ते 5000 हर्ट्झ एवढाच सांगते. घरातल्या साध्या स्टिरिओ संचातही याहून वरचे स्वर वाजवणारा वेगळा छोटा स्पीकर असतो. गिटारच्या पेटीत तो नसतो आणि तो नाही हेच बरं असतं, कारण डिस्टॉर्शनची करकरती टोकं तिथेच गाळली जातात. डिस्टॉर्शनमध्ये लहरीचा माथा छाटला जातो आणि मूळ स्वराच्या वर स्वरांशांची दाटी होते. तंबोऱ्याला जवारी लावल्यावर एका तारेतून जो भरगच्च झंकार उठतो, त्याच कुळातली ही करामत आहे. रॉकवाले गिटारवर सर्वांत जास्त वाजवतात ती जोडी सा आणि प यांची. गंधार घातला तर डिस्टॉर्शनमध्ये त्याचा चिखल होतो. या सगळ्याचा अर्थ असा की जी भिंतीसारखी गिटार ऐकून हे संगीत ‘जड’ वाटतं, तिचा बहुतेक ऐवज शंभर-दीडशे हर्ट्झपासून चार-पाच हजार हर्ट्झपर्यंतच्या मधल्या पट्ट्यात असतो.

ड्रमचीही गत तीच. मेटलमध्ये दोन पायांनी बेस ड्रम वाजवतात आणि दोनशेच्या लयीत सोळाव्या मात्रा मारल्या तर सेकंदाला तेराहून अधिक ठोके पडतात, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये 75 मिलिसेकंदांचं अंतर उरतं. 50 हर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. एवढ्या वेळात तिची चार आवर्तनंही पुरी होत नाहीत. असे ठोके सुटे ऐकू येतात ते खर्जामुळे नाहीत. कातड्यावर आपटणाऱ्या दांड्याचा जो ‘टक्’ असा आवाज काही हजार हर्ट्झवर असतो, तो त्यांना वेगळं करतो. मेटलचे ध्वनिमुद्रक त्या टक्‌साठी जिवाचं रान करतात ते उगाच नाही. याहून ठळक पुरावा हवा असेल तर मेटालिकाचा 1988 सालचा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ घ्यावा. त्या अल्बमच्या मिश्रणात बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. चाहते त्याबद्दल आजही कुरकुरतात, पण अल्बम हलकाफुलका आहे असं त्यांच्यापैकी कोणी म्हणत नाही.

हार्ड रॉक आकाराला येत होतं त्या वर्षांत श्रोत्याच्या कानावर काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. 1968 साली हॅनोव्हरजवळच्या सेनहायझर कंपनीने एचडी 414 आणला. तोवरची समजूत अशी की खर्ज हवा तर हेडफोनची वाटी कानावर घट्ट बसली पाहिजे. 414 ने ती वाटीच उघडी ठेवली. मागून हवा खेळती, कानाला टेकणारी पिवळ्या स्पंजची चकती, आणि वजन इतकं कमी की तास दोन तास घातल्यावरही मान अवघडू नये. त्याचा खर्ज बेताचाच होता, तरी तो एक कोटीहून अधिक खपला. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात दोन बोटांची टोकं गमावलेला टोनी आयोमी याच काळात ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम करत होता. तो फेब्रुवारी 1970 मध्ये आला, आणि पुढच्याच वर्षी ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’साठी आयोमीने तारा तीन अर्धस्वर उतरवल्या. दुखऱ्या बोटांना सैल तार सोपी जाते, आवाजही खाली जातो. पण तीन अर्धस्वर उतरूनही त्याची जाड तार 69 हर्ट्झच्या आसपास थांबते. आजच्या बेसबहाद्दर हेडफोनांची मुशाफिरी त्याच्याही खाली सुरू होते.

दहा वर्षांनी चित्र बदललं, पण दिशा तीच राहिली. 1 जुलै 1979 रोजी सोनीचा वॉकमन जपानमध्ये विक्रीला आला, सोबत नारिंगी स्पंजचा, पन्नास ग्रॅमच्या आतबाहेरचा हेडफोन. थ्रॅश मेटल ज्या वाटेने पसरलं ती वाटही कॅसेटचीच. मेटालिकाची 1982 सालची नमुन्याची टेप, ‘नो लाइफ टिल लेदर’, एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला नक्कल करून धाडली आणि अल्बम निघण्याआधीच तिला श्रोते मिळाले. प्रत्येक नकलेत आवाजाची थोडी झीज होते. वरची चमक जाते, सुरसुर वाढते. टिकतो तो मधला पट्टा, आणि तेवढ्यावर लोकांनी या संगीतासाठी जीव टाकला. स्टुडिओंच्या बाजूने पाहिलं तर 1978 साली आलेला यामाहाचा एनएस-10, पांढऱ्या शंकूचा छोटा बंद स्पीकर, ऐंशीच्या दशकात बहुतेक मोठ्या मिक्सिंग डेस्कवर विराजमान झाला. तो कानाला गोड मुळीच नव्हता. खर्ज त्याला झेपत नसे आणि मधले स्वर तो अंगावर येतील असे वाजवी. म्हणूनच त्यावर गिटार आणि गळा यांची मांडणी बसली की ती कुठेही बसे. यावर कोणी म्हणेल की त्याच स्टुडिओंच्या भिंतीत मोठे स्पीकरही असत आणि खर्ज त्यांवर तपासला जाई. ते खरं आहे. पण खर्जाचं माप तिथे एकदा ठरवून रेकॉर्डवर उतरलेलं असताना हेडफोनने त्यात आपल्या पदरची भर का घालावी, हा प्रश्न उरतोच.

ही भर घालण्याची चाल रॉकच्या घरातून आलेली नाही. 2008 साली डॉ. ड्रे आणि जिमी आयोवीन यांनी बीट्सचे हेडफोन बाजारात आणले. ड्रे हिप-हॉपचे, आणि त्या संगीताची इमारतच खर्जाच्या ठोक्यावर उभी; तिथे फुगवलेला बेस शोभतो. गंमत अशी की आयोवीन स्वतः सत्तरच्या दशकात ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘बॉर्न टू रन’च्या ध्वनिमुद्रणावर राबलेले. धंदा इतका फळला की 2014 साली अ‍ॅपलने तो 3 अब्ज डॉलरना घेतला, आणि मग जो तो तसाच आवाज विकू लागला. रॉकच्या गोटातून प्रतिक्रिया उमटली. मोटरहेडने आपल्या नावाचे हेडफोन काढले तेव्हा त्यांच्या प्रचाराचा सूरच असा होता की बाजारातला माल बेससाठी घडवलेला आहे आणि रॉकला मधले स्वर लागतात. जाहिरात ती जाहिरात, पण निदान तिचं ध्वनिशास्त्र बरोबर होतं. फुगवलेला बेस जागच्या जागी थांबत नाही. तो दोन-तीनशे हर्ट्झपर्यंत सांडतो, गिटारच्या बुडाला चिकटतो, आणि मोठा खालचा स्वर शेजारच्या वरच्या स्वराला झाकून टाकतो हा कानाचा धर्मच असल्याने ड्रमचा टक् आणि गिटारची धार दोन्ही बोथट होतात.

याला सर्वांत वजनदार आक्षेप मैफलीचा आहे. रॉक हे छातीवर झेलायचं संगीत. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉकला उभा राहिलेला श्रोता निव्वळ कानांनी ऐकत नव्हता. बेस ड्रम त्याच्या फासळ्यांना कळत होता. हेडफोनमध्ये ते धक्के गायब होतात, मग त्यांची भरपाई म्हणून थोडा खर्ज वाढवला तर काय बिघडलं? याचं उत्तर हार्मन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात शोधलं. निरनिराळ्या श्रोत्यांना हेडफोनचे वेगवेगळे सूर ऐकवून त्यांनी पसंती नोंदवल्या, तर बहुतेकांना चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा आवाज आवडला, आणि त्यात साधारण शंभर हर्ट्झच्या खालचा भाग काही डेसिबलने उचललेला होता. तेव्हा भरपाईची मागणी रास्त आहे, हे मानायला हवं. पण ती शंभरच्या खाली थांबते, मधल्या पट्ट्याला हात लावत नाही, आणि दुकानातल्या ‘एक्स्ट्रा बेस’शी तिचं फारसं नातं नाही. दुसरा आक्षेप नव्या मेटलचा. 1994 साली कॉर्नने सात तारी गिटार उतरवून 55 हर्ट्झच्या स्वराला नेली. त्यानंतर आणखी खाली जाणारे बँड झाले. तरी तंबोऱ्याची गोष्ट इथेही लागू पडते. स्वरांशांवरून कान मूळ स्वर स्वतःच ओळखतो, आणि खालचा भार या बँडांतही मुख्यतः बेस गिटार आणि ड्रम वाहतात. अशा संगीताला खर्ज खोलवर जाणारा हवा, पण तो झटकन उठून झटकन थांबला पाहिजे. त्याचं प्रमाण हा नंतरचा प्रश्न.

मग उलट टोक गाठावं का? ब्रुकलिनच्या ग्राडो कुटुंबाचे उघडे हेडफोन नव्वदच्या दशकापासून रॉकवाल्यांचे लाडके आहेत. त्यांत खर्ज लवकर उतरतो, दोन हजार हर्ट्झच्या आसपासचा भाग पुढे येतो आणि गिटार समोर बसून वाजवल्यासारखी दात दाखवते. त्यांच्या चाहत्यांचा उत्साह समजतो. पण झांजा आणि गिटार सतत अंगावर घेणारा श्रोता तासाभरात थकतो, आणि उघडी वाटी लोकलच्या डब्यात निरुपयोगी ठरते: तुमचं संगीत शेजाऱ्याला, गाडीचा खडखडाट तुम्हाला. गाडीचा तो आवाज प्रामुख्याने खर्जातला असल्यामुळे प्रवासात बेस झाकला जातो, आणि माणूस बटण वर वर सरकवत जातो. इथे बंद वाटी किंवा बाहेरचा आवाज मारणारं तंत्र घेणं हा कानाचा जीव वाचवण्याचा प्रश्न आहे. द हू या बँडचे पीट टाउनशेंड यांनी आपल्या बहिरेपणाचं खापर स्टेजवरच्या प्रचंड स्पीकरांपेक्षा स्टुडिओत वर्षानुवर्षं मोठ्याने वापरलेल्या हेडफोनांवर फोडलं आहे. 1933 साली बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं होतं की आवाज हळू असताना कानाला खर्ज कमी ऐकू येतो. बेस कमी वाटतो म्हणून आवाज वाढवायचा, या फेऱ्यात रॉकचा श्रोता सहज सापडतो. रात्री हळू ऐकताना खर्जाचं बटण थोडं वर नेणं म्हणूनच समर्थनीय आहे. तिथे उणीव कानाची असते, रेकॉर्डची नसते.

काही वेळा मात्र ती रेकॉर्डचीच असते. मेटालिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ 2008 च्या सप्टेंबरमध्ये आला तो इतका चेपून मोठा केलेला की ड्रमचे ठोके तडतडत होते. तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये कमी चेपलेली सापडली, आणि हजारो चाहत्यांनी अल्बम पुन्हा मिसळावा म्हणून अर्जावर सह्या केल्या. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सन यांनी तर आपल्या हाती आलेला मालच आधी चेपलेला होता असं सांगितलं. असा अल्बम काटेकोर हेडफोनवर लावला तर तो अधिकच काटेकोरपणे वाईट वाजतो, आणि बेसवाल्या हेडफोनवर त्याचे दोष गोधडीखाली जातात. हेडफोन निवडताना मग तोच अल्बम वाजवून पाहणारा गिऱ्हाईक बेसवाल्यालाच पसंत करणार. तपासायला 1971 सालचा सबाथ घ्यावा, किंवा बेस गिटार हरवलेला तो ‘जस्टिस’: त्यात गिटारचे दोन थर सुटे ऐकू आले आणि ड्रमचा टक् टोचला नाही, तर हेडफोन घरी आणायला हरकत नाही.